हुलग्यापुढं थांबलेली गाडी

आमचे दगडूभावजी गल्लीतून पायी चालतानाही वळणावर हात दाखवतात. उजवीकडच्या किराणा दुकानात जायचं असलं की उजवा हात आडवा. मागं कुणी असो, नसो. एकदा मागून एक रेडकू येत होतं, तर बाजूला होऊन त्याला हातानं 'जा पुढं' अशी खूण केली आणि मला म्हणाले, "घाईत हाय बिचारं."

येरमाळ्यात त्यांचं घर आमच्या भिंतीला भिंत लावून. उभा जन्म ट्रकवर काढला. आता स्टेअरिंग सुटलं, पण भाषा काही सुटली नाही. गुडघे दुखले की ट्रकच्या स्प्रिंगा बसाव्यात तसं "पाटे बसलेत, वैनी." मी दिलेला चहा पातळ झाला की "डिझेलात पाणी हाय." बायको गेल्यापासून घरात ते आणि मुलगा सुनील, दोघंच.

मी नवी नवरी होऊन आले तेव्हा सातवी पास होते, आणि त्या सातवीचा मला एवढा ताठा, की दुकानाच्या पाट्याही मोठ्यानं वाचायची. भावजींच्या ट्रकमागं 'हॉर्न ओके प्लीज' वाचलं आणि सासूबाईंना ठसक्यात सांगितलं, "ही गाडी ओकेशेटची आहे." भावजींनी ते ऐकलं. तेव्हापासून प्रत्येक खेपेहून आले की दारातून ओरडायचे, "वैनी, ओकेशेटनी नमस्कार सांगितलाय!" आणि मी शहाणी पदर सावरून म्हणायची, "आमचाही सांगा." दोन लेकरं झाली तरी माझे नमस्कार जातच होते.

तर यंदा आमच्याकडं डायव्हर नसलेली गाडी आली. धाराशिवहून पार्सलं आणणारी. आधी चाचणी घ्यायची, गावाचं मत विचारायचं, मग कायम करायची, असं कंपनीचं ठरलं होतं. आमचा सुनील ह्याच कंपनीची, ह्याच रस्त्यावरची गाडी चालवतो. ही पास झाली की सुनील घरी.

"आपोआप फिरतंय म्हणं स्टेअरिंग," भावजी गुरगुरले. "भूत बसवलंय व्हय आत? भुताला लायसन कुणी दिलं?"

चाचणीच्या दिवशी मी गावाकडं येणाऱ्या रस्त्यावर हुलगे पसरले होते. आमच्याकडं हुलगे काढले की वाळवून रस्त्यावर टाकतात. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांच्या चाकांखाली आपसूक मळणी होते. डायव्हर लोकांनाही ते ठाऊक असतं, खुशाल वरून जातात. मी राखणीला बसले. ऊन लागलं म्हणून रस्त्यावरच अजून न पसरलेल्या हुलग्यांच्या ढिगाला टेकले, डोक्यावर चार पेंढ्या ओढून घेतल्या. लुगडंही हुलग्याच्याच रंगाचं. डोळा कधी लागला, कळलं नाही.

जाग आली ती गलक्यानं. गाडी ढिगापुढं येऊन थांबली होती आणि हलायला तयार नव्हती. तिच्यामागं टेम्पो, ट्रॅक्टर, सगळे हॉर्न वाजवतायत. आणि कंपनीच्या पोरीला सुनावणारा भावजींचा आवाज सगळ्यांच्या वर.

"बघा, बघा! हुलग्याला भ्याली! आवं मॅडम, आमी तर हुलगं दिसलं की मुद्दाम वरनं घालायचो. दाणं मोकळं व्हावं म्हून!"

"लिहा मॅडम, नापास!" सरपंच खुशीत आले. मागच्या मोटारीतून आलेली ती पोरगी बिचारी लॅपटॉपात तोंड खुपसून उभी होती.

"चढवा की वरनं!" भावजी म्हणाले. "ढिगात काय वाघ बसलाय?"

"कोण रे बोंबलतंय?" म्हणत वाघ उठला. डोक्यावर पेंढ्या तशाच.

आधी लोक हसले. मग कुणीतरी खाली बघितलं. माझ्या पायांपासून चाक हातभर लांब होतं.

त्या पोरीनं हळूच विचारलं, "बाबा, तुम्ही चालवत असता तर?"

सरपंच भावजींच्या कानाला लागले. "म्हणा, थांबलो असतो. कुणाला कळतंय? पोराचा घास हाय."

भावजींनी ढिगाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं.

"थांबलो नसतो, पोरी. वैनीच्या अंगावरनं गेलो असतो, वर हुलगं बेस निघालं म्हणलो असतो. पास कर गाडी."

माझी सातवी पहिल्यांदाच कुठं गेली कुणास ठाऊक. "भावजी, सुनीलचं काय?" एवढंच कसंबसं म्हणाले. ते खाली वाकले. कवेत धरून धरून हुलगे रस्त्याच्या कडेला नेऊन टाकायला लागले, आणि कुणाला हात लावू दिला नाही.

दिवेलागणीला फोन घेऊन आमच्या ओट्यावर आले. "तुमीच सांगा त्याला, वैनी. माझ्यानं न्हाय व्हायचं."

मी फोन लावला. पलीकडून सुनीलनं मी काही बोलायच्या आत विचारलं, "थांबली का गाडी? नापास झाली?"

मी फोन भावजींच्या कानाला लावला.

"थांबली," भावजी म्हणाले. "काकी वाचली तुजी."

भावजी ओट्याच्या फरशीवरून बोट फिरवत राहिले.

"जेवू नगंस तिकडं," शेवटी म्हणाले. "भाकरी टाकतो म्या. ये."

फोन बंद झाला. भावजींनी तो तसाच कानाला धरून ठेवला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "हळू चालव, बाबा."