तांब्यावरचं पुसलेलं नाव

गेल्या दिवाळीला आम्ही परकारचाचांना मिठाईचा डबा दिला. त्यांनी काजूकतली बाजूला ठेवली, झाकण भिंगाखाली धरलं आणि त्यावरच्या मोराकडे बराच वेळ पाहत राहिले.

"जोशीभाऊ," शेवटी म्हणाले, "पिसाऱ्याची रेघ घाबरलेली आहे. काढणाऱ्याला घरी जायची घाई होती."

मिठाई कशी लागली, ते त्यांनी अजून सांगितलेलं नाही.

इब्राहिम परकार इकडे दुबईजवळ अजमानला आमच्या समोरच्या खोलीत राहतात. गाव दाभोळच्या खाडीकाठी. तरुणपणी चिपळूणला भांड्यांच्या दुकानाबाहेर बसून ते लग्नाच्या भांड्यांवर छिन्नीने नावं घालायचे. मग नावं घालायचं मशीन आलं, हातकामाला गिऱ्हाईक उरलं नाही आणि चाचा इकडे आले. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात खोकी छापणाऱ्या एका प्रेसमध्ये आता एकतीस वर्षं झाली. व्हिसावर हुद्दा 'हेल्पर'. बोलणं मराठी, हिंदी आणि अरबी यांची मिसळ. दोन वाक्यांमागे एकदा तरी "रेघ खोटं बोलत नाही" हे येणारच.

या माणसाला संग्रहालयात न्यायची चूक माझीच. माझ्या मुलीचा, ईशाचा, शाळेचा प्रोजेक्ट होता, गाडीत जागा होती, म्हणून "चला चाचा" म्हटलं. शारजातल्या त्या संग्रहालयात तेव्हा जुन्या जर्मन कलेचं प्रदर्शन लागलं होतं. तीनचारशे वर्षांपूर्वीचे नकाशे, छापील चित्रं, चांदीचे नक्षीदार पेले. मी अर्ध्या तासात सगळं पाहून कॉफीपाशी पोचलो. चाचा दोन तासांनी सापडले, तेही पहिल्याच दालनात.

"भाऊ, हे सगळं तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलंय. अक्षरं उलटी कोरायची, तेव्हा कागदावर सुलटी येतात." त्यांनी काचेवर तळहात टेकवला. "माझीच बिरादरी आहे ही. मला कुणी सांगितलंच नाही."

त्यानंतर दर शनिवारी चाचा तिथे. त्या मेलेल्या जर्मन कारागिरांशी त्यांचं घरोब्याचं नातं जुळलं. अमका डावखुरा होता, तमक्याची छिन्नी बोथट होती, एका पेल्यावरचं हरीण मालकाने केलं आणि झाडं शिकाऊ पोराने, अशा बातम्या ते आम्हाला जिन्यात द्यायचे. काचेला नाक लावतात म्हणून तिथला गार्ड त्यांना "यल्ला चाचा, पीछे" म्हणून हटकायचा. ते एक पाऊल मागे यायचे आणि गार्ड वळला की दोन पावलं पुढे.

एका शनिवारी घरी आले ते सरळ आमच्या सोफ्यावर बसले. "अरबी समुद्राचा तो मोठा नकाशा आहे ना, त्याच्याखालची पाटी चुकीची आहे."

पाटीवर लिहिलं होतं की हा पहिल्या छपाईतला कागद, खाली कोपऱ्यात प्रकाशकाचं नाव. चाचांचं म्हणणं, ते नाव मागाहून घातलंय. आधी तिथे दुसरंच नाव होतं.

"तुम्हाला जर्मन येतं?" मी विचारलं.

"तांबं येतं."

मग त्यांनी समजावलं. घरात वाटण्या झाल्या की लोक जुनी भांडी आणून द्यायचे, आधीचं नाव काढा, आमचं घाला. नाव काढायचं म्हणजे मागून ठोकायचं, वरून घासायचं, घोटून गुळगुळीत करायचं. "पण कितीही घोटा, पहिलं नाव सावलीसारखं राहतंच. त्या कागदावर सावली आहे."

पुढच्या शनिवारी त्यांनी मला दुभाषा म्हणून नेलं. प्रदर्शन घेऊन आलेल्या क्लाराबाई जर्मन, उंच आणि शिस्तीच्या. मी इंग्रजीत काहीतरी गुळमुळीत सुरुवात केली. चाचांनी मला हाताने बाजूला सारलं.

"मॅडम, धिस नेम नॉट फर्स्ट नेम. फर्स्ट नेम खलास."

बाईंच्या भुवया वर गेल्या. गार्ड हसला. मला फरशीत शिरावंसं वाटलं. चाचा मात्र शांतपणे बोटाने हवेत दाखवत राहिले: इथे एका उभ्या रेघेचं शेपूट, इथे अर्धं वेलांटीसारखं वळण, इथे पत्रा जास्त घासल्यामुळे आलेला मळकट डाग. बाईंनी खिशातून स्वतःचं भिंग काढलं. तो कोपरा दोनदा तपासला. मग माझा फोन नंबर लिहून घेतला.

दहा दिवसांनी त्यांचा फोन आला. कागद काचेबाहेर काढून तिरप्या उजेडात पाहिला होता, परदेशातल्या एका प्रतीशी ताडून पाहिला होता. त्या प्रतीवर दुसरं नाव होतं, आणि त्याचीच सावली आपल्या कागदावर. पत्रा विकला गेला होता. नव्या मालकाने जुन्याचं नाव घोटून आपलं घातलं होतं. म्हणजे हा कागद पहिल्या छपाईचा नव्हेच, बराच नंतरचा. आजवर हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

पाटी बदलली. नव्या पाटीच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की ही गोष्ट इब्राहिम परकार, एन्ग्रेव्हर, यांनी दाखवून दिली. ईशाने मोठ्याने वाचलं, "चाचा, यू आर ऑन द वॉल." चाचांनी तिला परत वाचायला लावलं. मग आणखी एकदा. 'एन्ग्रेव्हर', म्हणजे कोरणारा, या शब्दापाशी ते दर वेळी मान हलवायचे. गार्डने स्वतःहून खुर्ची आणून दिली.

मग क्लाराबाईंनी त्यांना लोकांसमोर काम करून दाखवायला बोलावलं. चाचांनी महिनाभर खोलीत बसून तांब्याचा पत्रा कोरला, काय ते कुणाला दाखवलं नाही. त्या दिवशी दालन भरलं होतं. प्रेसचा मॅनेजर सूट घालून पहिल्या रांगेत. चाचांनी पत्र्यावर शाई भरली, पुसली, ओला कागद ठेवला आणि हातयंत्राचं चाक फिरवलं. कागद उचलला तर त्यावर त्यांच्या गावाचा नकाशा होता. खाडी, धक्का, मशीद, नारळाची झाडं, घर, घरामागे विहीर. एकही रेघ घाबरलेली नव्हती. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि बाई चाचांचा शाईने काळा झालेला हात सोडायलाच तयार नव्हत्या.

गर्दी ओसरल्यावर आम्ही बाहेर बाकावर बसलो. चाचांनी गावी व्हिडिओ कॉल लावला आणि नकाशा कॅमेऱ्यासमोर धरला. जुबैदाचाचींनी तो नीट पाहिला.

"सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण विहीर कशाला काढलीत? बुजवून चार वर्षं झाली की. फोनवर सांगितलं होतं मी तुम्हाला."

चाचांनी नकाशा मांडीवर घेतला. दोन वर्षांनी एकदा, महिनाभर जाणारा माणूस. मागच्या दोन्ही खेपांना पूर्ण महिना पाऊस होता आणि ते परसात गेलेच नव्हते.

"आता तिथे काय आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"शेवगा लावलाय मी. चांगला वाढलाय."

"किती?"

"आता किती म्हणजे काय सांगू?"

"तू त्याच्याजवळ जाऊन उभी राहा. म्हणजे कळेल."

चाची फोन कुणाच्या तरी हातात देऊन परसात गेल्या. डोक्यावरची ओढणी सारखी करत शेवग्याला टेकून उभ्या राहिल्या. चाचांनी खिशातून पेन्सिल काढली, नकाशा उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर रेघ ओढली. झाड दोन मिनिटांत झालं होतं, ते मला दिसत होतं.

"झालं का?" चाचींनी विचारलं.

"नाही अजून," चाचा म्हणाले. "जरा थांब तशीच."