रिक्षात राहिलेला खुबा

जयवंत मेस्त्री आपला खुबा रिक्षात विसरले.

खरा खुबा त्यांच्यापाशीच होता आणि उठता-बसता ठणकत होता. विसरला तो प्लॅस्टिकचा. परवा त्यांच्या खुब्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. डॉक्टरांनी सीटी स्कॅनवरून कॉम्प्युटरमध्ये सगळी मापं घेतली होती आणि थ्रीडी प्रिंटरवर हुबेहूब मॉडेल काढलं होतं. नवी वाटी कुठे आणि कशी तिरकी बसवायची, हे आधी त्या मॉडेलवर ठरवायचं. जयवंतरावांनी ते एका दिवसासाठी मागून घेतलं, कारण घरी विमलाबाई होत्या.

विमलाबाईंच्या मते नवऱ्याला काहीही झालेलं नव्हतं. "दळण आणायला सांगितलं की लंगडतात आणि क्रिकेट लागलं की टीव्हीकडे धावतात," असं त्या मुलुंडभर सांगत. ऑपरेशनचं नाव काढलं तरी त्या खोलीतून उठून जात.

आता ढळढळीत पुरावाच तिच्या पुढ्यात ठेवतो, या आनंदात जयवंतराव घरापाशी उतरले. हाड ठेवलेली मिठाईच्या दुकानाची पिशवी सीटवरच राहिली. पेढे असतील म्हणून रिक्षावाल्याने ती उघडली, तो किंचाळला आणि तडक पोलीस स्टेशनला गेला.

थोड्याच वेळात जयवंतरावही बायकोला घेऊन तिथेच पोचले. टेबलामागे हवालदार मार्तंड बसले होते.

"काय हरवलंय?"

"हाड!"

मार्तंड ताडकन उभे राहिले. "ओ काका, हाड कोणाला म्हणता?"

"तुम्हाला नाही हो! हाड हरवलंय. खुब्याचं. रिक्षात राहिलं."

मार्तंडांचा चेहरा पांढरा पडला. ते आतल्या दाराकडे वळून ओरडले, "मॅडम! आरोपी स्वतःहून आलाय!"

सब-इन्स्पेक्टर सपना मॅडम बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग वर्तमानपत्रावर ठेवलेलं हाडही आलं.

"हे कोणाचं?"

"माझं."

"म्हणजे तुमच्या ताब्यात होतं?"

"नाही. म्हणजे, माझ्यात आहे."

"तुमच्यात आहे, तर मग टेबलावर काय आहे?" मार्तंडांनी विचारलं.

"तेसुद्धा माझंच."

"मॅडम, हा येडा बनवतोय."

सपना मॅडमनी हाडावर बोटाने टकटक केलं. "प्लॅस्टिक वाटतंय. पण ज्याच्यावरून बनवलंय, त्या माणसाचे फार हाल झालेत. हा गोळा बघा, पार झिजलाय. कडेला काटे आलेत. मरायच्या आधी बिचारा पावलापावलाला ओरडत असणार. घरच्यांना ऐकू कसं गेलं नाही?"

विमलाबाईंनी डोळ्यांना पदर लावला. "अहो, इतकं दुखत होतं तर सांगायचं नाही का?"

"मगे रोज काय बोंबालतंय मी?" संतापाने जयवंतरावांच्या तोंडून मालवणीच बाहेर पडली.

खात्री करायला सपना मॅडमनी डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टरांनी लगेच मोबाईलवर गरगर फिरणारं चित्र पाठवलं. मार्तंडांनी हाड फिरवून फिरवून चित्राशी ताडून पाहिलं. "मॅडम, सेम टू सेम!"

आपल्या कामात कोणी इतका रस घेतोय म्हटल्यावर डॉक्टरांना चेव आला. स्पीकरवरून त्यांचा आवाज घुमू लागला. "सगळं प्लॅनिंग झकास झालंय, मॅडम! हाडाच्या मानेजवळ करवतीने कापायचं, गोळा उपटून काढायचा, आतली वाटी खरवडून घ्यायची. मग मांडीच्या हाडाच्या पोकळीत ही लांब खुंटी हातोडीने ठोकायची. ठण्‌ आवाज आला की समजायचं, बसली!"

मार्तंडांनी स्वतःची कंबर धरली. जयवंतरावांनी दवाखान्यात फक्त रंगीत चित्रं पाहिली होती. करवतीचा विषय निघालाच नव्हता.

"मी काय म्हणतो," ते हळूच खुर्चीतून उठले, "मला आज एकदम बरं वाटतंय."

आणि खरंच, जरासुद्धा न लंगडता ते थेट दारापर्यंत गेले.

विमलाबाईंनी डोळे पुसले, हाड पिशवीत घातलं आणि सपना मॅडमसमोर हात जोडले.

"मॅडम, हाड मी घरी नेते. ह्यांना तेवढं परवापर्यंत तुमच्याकडेच ठेवा."