बॉथेलच्या पहिल्या नऊ असामींची हकीकत

आज्ञा आली की बॉथेलच्या लांबोळक्या चेंडूच्या क्लबाची मुळापासूनची हकीकत, कोणाची भीड न धरिता, लिहून पाठवणे. ऐसियास, जे घडले ते आम्ही मैदानाच्या कडेस घडीच्या खुर्चीवर बसून डोळां पाहिले, तेच लिहितो. ज्यास मिरच्या झोंबतील त्याने पाणी प्यावे.

शके १९२६, तारणनाम संवत्सर. राजमान्य राजेश्री संग्रामराव, मूळ वतन नागपूर, हल्ली मुक्काम सातासमुद्रापार बॉथेल गाव, रेडमंडी सॉफ्टवेअरची चाकरी करीत असता शेजारच्या मेजावरील ऑस्ट्रेलियन असामीने त्यांस आपल्या मुलखाच्या फुटबॉलाचा नाद लाविला. खेळाचा कायदा ऐसा की मैदान क्रिकेटाचे, खांब चार, मधल्या दोहोंतून चेंडू लाथाडिला तर सहा गुण आणि बाजूच्या फटीतून गेला तर एक. संग्रामरावांनी तीन हिवाळे पावसात चिखल तुडवून एकवीस गडी जमविले, आणि मग इलाख्याच्या लीगने क्लबास दाखल करण्याचे कबूल केले, परंतु शर्त घातली की पहिल्या सामन्यास सकाळी दहाच्या ठोक्यास नऊ असामी जर्सीनिशी मैदानात हजर पाहिजेत, न राहिल्यास क्लबाचे नाव दफ्तरातून खारीज.

संग्रामरावांनी ईमेलाचा खलिता रवाना केला की दहा वाजता यावे. येथेच घात जाहला. कारण मराठी मंडळाचे खलिते आजवर वसुधाकाकू लिहीत, आणि काकूंचा शिरस्ता ऐसा की कार्यक्रम अकराचा असेल तर दहा लिहावे, म्हणजे लोक अकरास तरी उगवतात. ही गोष्ट बेलव्ह्यूपासून बॉथेलपर्यंत पोराटोरांस ठाऊक. सबब एकवीसही वीरांनी दहा वाचले, अकरा समजले आणि निवांत दाढ्या करीत बसले.

ज्येष्ठ वद्य दशमी, शनिवार. पावणेदहास प्रतिपक्षाची, म्हणजे टकोमाकरांची, धिप्पाड फौज मैदानात मांड्या ताणीत उभी, आणि आपल्या बाजूस संग्रामराव एकटे, कानास फोन. सेनापती शंतनूरावांनी कळविले, "चिल यार, अकराला पोचतोच ना." संग्रामरावांचा चेहरा उतरला. तीन वर्षांची मेहनत पंधरा मिनिटांत मातीस मिळणार म्हणून त्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आम्हांसही गलबलले.

परंतु मुदपाकखाना हजर होता. पोहे करणारी मंडळी अकराच्या कार्यक्रमासही नऊलाच येतात, हाही शिरस्ताच. खाशा वसुधाकाकू, त्यांचे यजमान निवृत्त हृदयवैद्य चारुदत्तकाका, उत्तरामावशी आणि कांदे चिरणारी पाच मंडळी, ऐसे आठ जण. संग्रामराव शेगडीपाशी गेले आणि हात जोडून बोलिले, "काकू, जर्सी घाला. नुसतं उभं राहायचंय."

काकूंनी गॅस बंद केला. "उभी राहीन. पळायला सांगायचं नाही."

मग काकूंनी पंजाबी ड्रेसावर एक नंबरची जर्सी चढविली, आणि काकांनी अगोदर स्वतःची नाडी पाहिली आणि मग जर्सी घातली, आणि दहाच्या ठोक्यास पंचाने मोजिले तो नऊ पुरे भरले.

मग तुंबळ युद्ध जाहले. टकोमाकर येत, आमची फौज अदबीने वाट देई, आणि ते गुणांवर गुण करीत. ऐशात संग्रामरावांनी जीव खाऊन लाथाडिलेला चेंडू टकोमाकरांच्या खांबांपाशी पडला, तो त्यांच्या साडेसहा फुटी गड्याने उचलिला. समोर पाहतो तो काकू, वचनाप्रमाणे उभ्या. वडीलधाऱ्या बाईस धक्का कैसा द्यावा म्हणून तो पाऊलभर मागे सरला. काकूंस वाटले, पोर बुजले. त्यांनी पुढे होऊन त्यास इंग्रजीत पुसिले की सकाळपासून काही खाल्ले आहेस काय, तिखट चालते काय. तो आणखी मागे सरला आणि चेंडूसुद्धा आपल्याच खांबांच्या रेषेपार गेला. कायद्याप्रमाणे आम्हांस एक गुण. चारुदत्तकाका नाचले, मग पुन्हा नाडी पाहिली.

अकरास एकवीस वीर दाखल जाहले आणि चहा कोठे म्हणून पुसू लागले. काकूंनी मैदानातूनच हुकूम फर्माविला की आता जर्सी कोणास मिळणार नाही, भांडी घासावी.

येणेप्रमाणे टकोमाकर चौऱ्याण्णव, आम्ही एक, आणि क्लबाचे नाव दफ्तरी कायम, ऐसा थोर विजय जाहला. शंतनूराव हल्ली पाहुण्यांस आपण संस्थापक म्हणून सांगतात. त्या दिवशीची तसबीर क्लबात टांगिली आहे. तीत पुढे नऊ असामी उभे, मध्ये काकू. शंतनूरावही आहेत, मागल्या बाजूस, हातात पातेले आणि घासणी. खात्री करून घ्यावी.