व्याह्याचा काटा आणि बारा बाण

"बाण नेमका लागणं हा नशिबाचा खेळ नाही, ते साधं त्रैराशिक आहे," असं जोलदोश मास्तर जेवता जेवता म्हणाले, आणि त्यांच्या बायकोचा, कालिचाचा, घास तोंडातच थांबला. एकतीस वर्षं शाळेत पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेला नवरा घरात सांभाळणं म्हणजे काय, हे तिला पुरतं कळून चुकलं होतं. मागच्या हिवाळ्यात मास्तरांनी चहाचं पाणी उकळायचा समोवार सुधारला होता. तेव्हापासून ती चहा पातेल्यात करत होती.

या खेपेला मामला सुनेचा होता. बेगिमाय लग्नाआधी इसिक-कुल तळ्याच्या त्या अख्ख्या काठावर नेमबाज म्हणून नाव कमावून होती. मग लग्न झालं, बाळ झालं, आणि दोन वर्षं धनुष्य खुंटीला लटकलं. आता महिन्याभरानं तालुक्याच्या संघाची निवड होती. बायकांना जागा फक्त चार. तिचे लाकडी बाण ओलीनं वाकडे झाले होते, म्हणून कोरियात कामाला असलेल्या पुतण्याकडून अ‍ॅल्युमिनियमच्या बारा नळ्या मागवायचं ठरलं. संघात जागा मिळाली तर धनुष्य खुंटीवरून कायमचं खाली येणार होतं. नाही मिळाली तर पुढचं वर्ष, आणि पुढच्या वर्षी घरात दुसरं काय निघेल, कोणी सांगावं.

नळ्या मागवायच्या, पण कुठल्या? इथेच मास्तर सरसावले. पुतण्यानं दुकानातला तक्ता फोनवर पाठवला होता, आणि तक्ता म्हटलं की मास्तरांना भूक लागत नसे. बाण सुटताना किंचित वाकून धनुष्याला वळसा घालून जातो. नळी फार ताठ असली तर तो एका अंगाला भरकटतो, फार लवचिक असली तर दुसऱ्या. धनुष्याचा जोर किती किलो आणि बाण किती लांब, एवढं सांगितलं की तक्ता नळीचा क्रमांक सांगतो.

आता धनुष्याचा जोर मोजायचा तर स्प्रिंगचा लटकता काटा हवा, आणि तो पंचक्रोशीत एकाच माणसाकडे होता. तो माणूस म्हणजे मुकाम्बेत, बेगिमायचे वडील, म्हणजेच मास्तरांचे व्याही. व्याह्याला इकडे कुदा म्हणतात. दर रविवारी काराकोलच्या जनावरांच्या बाजारात मुकाम्बेत त्या काट्यावर मेंढे तोलून विकत. "जावई शंभर वर्षांचा, कुदा हजार वर्षांचा" अशी इकडची म्हण आहे, म्हणजे व्याह्याचं नातं जावयापेक्षाही टिकाऊ. कुदाचं मन मोडण्यापेक्षा माणूस जानेवारीत तळ्यात उडी घेईल.

काटा आला. मास्तरांनी तो तुळईला टांगला, धनुष्याची दोरी आकड्यात अडकवली आणि धनुष्य खाली ओढलं. एकवीस किलो. बेगिमाय बाळाला कडेवर घेऊन दारात उभी होती. तिनं काट्याकडे पाहिलं, मग सासऱ्यांकडे.

"बाबा, मला ते सोळाच्या आसपास वाटायचं."

"वाटणं वेगळं आणि मोजणं वेगळं, पोरी."

सुनेनं मान खाली घातली आणि ती कणीक मळायला गेली. मास्तरांनी पुतण्याला फोन लावला.

नळ्या आल्या तेव्हा निवड पाच दिवसांवर होती. चकचकीत, सरळ, प्रत्येकीवर चार आकडे. पहिले दोन नळीच्या व्यासाचे, पुढचे दोन तिच्या पत्र्याच्या जाडीचे. मास्तरांनी ते आकडे कालिचाला तीन वेळा समजावले. तिला ते दुसऱ्याच वेळी समजले होते, पण तिला बोलायला मिळालं नाही. नळ कापायचं हत्यार आणून त्यांनी बाराही नळ्या एका मापाच्या केल्या, मेणबत्तीवर डिंकाची कांडी वितळवून टोकं बसवली, आणि त्या भरात स्वतःची बाहीही टेबलाला चिकटवली.

पिसं लावण्याआधी बाण उघडाच मारून बघायचा, असं पुतण्यानं पाठवलेल्या कागदावर होतं. पिसं बाणाच्या चुका झाकतात, उघडा बाण खरं बोलतो. बेगिमायनं अंगठ्यात दोरी ओढायचं कडं चढवलं आणि परसातल्या गवताच्या गंजीवर बाण सोडला. तो गंजीच्या उजव्या कडेला जेमतेम लागला.

मास्तर खूश झाले. चूक सापडली की त्यांना नेहमीच बरं वाटे. कागदावर लिहिलं होतं की बाण उजवीकडे गेला तर नळी फार लवचिक आहे, ती आखूड करा. त्यांनी दोन बोटं नळी कापली. एक कापून बघावी, असं त्यांच्या मनात आलं नाही. शिक्षकाला सगळ्या वर्गाला एकदम शिकवायची सवय असते. बाराच्या बारा कापल्या.

दुसऱ्या दिवशी बाण गंजी सोडून शेजाऱ्याच्या कुंपणात घुसला. उजवीकडेच. पुन्हा बारा नळ्या, पुन्हा दोन बोटं. बुधवारी बाण कुंपणाच्याही अलीकडून वळला आणि कालिचानं परातीत वाळत घातलेल्या दह्याच्या गोळ्यांमधून आरपार गेला.

"मास्तर," कालिचा विखुरलेले गोळे वेचत म्हणाली, "नेम दह्यावर होता की माझ्यावर?"

मास्तरांना राग आला नाही, उत्सुकता आली, आणि ती रागापेक्षा वाईट. आखूड करावं तितका बाण जास्तच उजवीकडे का जातो? पुन्हा कापून बघायला ते उठले, तर हत्यार जागेवर नव्हतं. शेडमध्ये नाही, कपाटात नाही. अख्खं घर धुंडाळलं. शेवटी नाइलाजानं गुरुवारी सकाळी ते तो कागद घेऊन बसले, आणि हाताला काम नसल्यामुळे त्यांनी पहिल्यांदाच त्यावरचं चित्र नीट पाहिलं.

चित्रातला माणूस दोरी तीन बोटांनी ओढत होता. बाण त्यानं धनुष्याच्या डाव्या अंगाला ठेवला होता. आणि आपल्याकडे तर आजोबा-पणजोबांपासून दोरी अंगठ्यानं ओढतात, बाण उजव्या अंगाला ठेवतात! म्हणजे सगळंच उलटं. उजवीकडे जाणारा बाण लवचिक नव्हता, ताठ होता. आणि आखूड केली की नळी आणखी ताठ होते. मास्तरांनी दोनदा आजाऱ्याला तेच विष औषध म्हणून पाजलं होतं.

पण मग नळ्या मुळातच ताठ का निघाल्या? तो हिशेब तर बरोबर होता. मास्तरांची नजर तुळईला टांगलेल्या काट्याकडे गेली. मग त्यांनी पिठाची न फोडलेली दहा किलोची पिशवी आणली आणि काट्याला अडकवली. तेरा किलो. काढली, पुन्हा लावली. तेराच. साखरेची दहाची पिशवी लावली, तीही तेरा. मास्तर पिठाच्या पिशवीवरच बसले.

दुपारी मुकाम्बेत काटा न्यायला आले. त्यांना मानाच्या जागी बसवलं, चहा झाला, कालिचानं बोर्सोकांचा, तळलेल्या कणकेच्या तुकड्यांचा, ढीग पुढे ठेवला.

"काटा कसा वाटला, कुदा?" त्यांनी विचारलं.

मास्तरांनी एक बोर्सोक उचलला. "अगदी तुमच्या शब्दासारखा," ते म्हणाले. कालिचाला चहाचा ठसका लागला. मागच्या शरदात याच काट्यावर घेतलेले मेंढे ती मनात पुन्हा तोलत असावी.

पाहुणे गेले तसे मास्तर स्वयंपाकघरात गेले. त्यांना खरंच लाज वाटत होती. एकतीस वर्षांत त्यांनी मुलांना उठाबशा काढायला लावल्या, पण माफी कोणाची मागितली नव्हती.

"पोरी, परवा निवड आणि मी तुझे बाराही बाण बिघडवले. माझं चुकलं."

"अजून बिघडले नाहीत, बाबा," बेगिमाय म्हणाली. "टोकाकडे वजन वाढवलं की नळी जास्त वाकते." तिनं फळीवरून नवऱ्याचा मासेमारीचा डबा काढला. त्यात गळाला लावायचे शिशाचे मणी होते. ते नळीत टोकामागे बसवायचे, एवढंच. आणि मग तिनं पाळण्यातल्या बाळाच्या गादीखाली हात घालून नळ कापायचं हत्यार बाहेर काढलं. "अजून एकदा कापले असते तर बाण धनुष्याच्या आत पडला असता, आणि सुटताना माझ्या हातात घुसला असता. म्हणून लपवलं."

मास्तरांनी हत्यार हातात घेतलं. "तुला हे कधीपासून ठाऊक होतं?"

"काटा टांगलात तेव्हापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"काटा माझ्या वडिलांचा, गणित तुमचं," सून शांतपणे म्हणाली. "दोघांतल्या कोणाला खोटं पाडू?"

शुक्रवारी सकाळी सासरा-सून परसात बसले. एक मणी, दोन मणी, तीन मणी. या वेळी मास्तरांनी एकाच बाणावर प्रयोग केला आणि तोंड बंद ठेवलं. चौथ्या मण्याला उघडा बाण गंजीच्या मधोमध रुतला. मग पिसं लागली.

शनिवारी बेगिमाय तिसरी आली. संघात जागा मिळाली! मास्तरांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते त्यांनी लपवलंही नाही. कालिचानं चारचौघांत सुनेचा मुका घेतला.

तेवढ्यात किमिझचा, घोडीच्या आंबवलेल्या दुधाचा, वाडगा हातात घेऊन मुकाम्बेत उभे राहिले. पोरीचे बाण आपल्या काट्यावर तोलून निवडले आहेत, हे त्यांनी सगळ्या मैदानाला सांगितलं. संघाच्या प्रशिक्षकानं कान टवकारले. संघात आठ जण, आठही जणांचे बाण नव्यानं मागवायचे, तर हे काम मास्तरांनीच घ्यावं. मुकाम्बेतनी सोबत आणलेला काटा स्वतःच्या हातानं मास्तरांच्या खांद्यावर लटकवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

कुदा हजार वर्षांचा असतो. मास्तरांनी छातीवर हात ठेवून मान लववली, दोन शब्द आभाराचे बोलले, आणि मग हळूच सुनेच्या कानाशी वाकले.

"पोरी, डब्यात शिसं किती उरलंय?"