नव्या पुस्तकाला नवे खिळे

मामींच्या छापखान्यातल्या संगणकावर भाचीने स्वतःच्या हाताने लिनक्स ही कार्यप्रणाली चढवली होती, त्यामुळे तिथे काहीही बिनसलं की बोलावणं तिलाच यायचं. आज फॉन्ट निवडायच्या यादीत एकच नाव एकाखाली एक तेरा वेळा दिसत होतं.

"तेरा भाऊ आणि नाव एकच," मामी म्हणाल्या. "हाक मारायची कुणाला?"

चार वाजता मास्तर शेवटची पानं बघायला येणार होते. निवृत्तीनंतर नऊ वर्षं खपून लिहिलेलं त्यांचं भूमितीचं पुस्तक बरोबर शहाण्णव पानांत बसवलं होतं. सोळा पानांचे सहा फर्मे, कागदही तेवढाच कापून ठेवलेला.

भाचीने शोध घेतला. 'नवा संच' नावाचे तेरा फोल्डर सापडले, प्रत्येकात तोच फॉन्ट. संगणक बिचारा प्रामाणिक. फोल्डरातले फोल्डरही धुंडाळतो आणि सापडेल ती प्रत यादीत मांडतो.

फोल्डर कुणाचे, हे छापखान्यातल्या खिळेकाकांनी आपणहून सांगितलं. चाळीस वर्षं त्यांनी शिशाचे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवले होते, आता संगणकावर पानं लावत.

"नव्या पुस्तकाला नवे खिळे घालायचे. झिजलेले नीट उठत नाहीत."

संगणकातली अक्षरं झिजत नाहीत, हे भाचीने कागदावर आकृती काढून समजावलं. काकांनी पाहुणीचं मन राखावं तशी मान डोलावली. मग तिने सर्वांत ताज्या तारखेचा फोल्डर तेवढा ठेवला, बाकी बारा कायमचे पुसले आणि पुस्तक उघडलं.

सत्त्याण्णव पानं.

एका पानापायी अख्खा सातवा फर्मा. साडेतीन वाजले होते. मामी घड्याळाकडे बघत नव्हत्या, भाचीकडे बघत होत्या. ते जास्त वाईट होतं.

बाहेर जाऊन आलेले काका दारातच थबकले. चष्मा कपाळावर, पडदा दहा पावलांवर.

"हा 'ळ' आपला नाही. पोट सुटलंय त्याचं."

भाचीने अक्षर चौपट मोठं करून कालच्या छापील पानाशी ताडून पाहिलं. 'ळ' खरोखरच केसभर रुंद होता, आणि अशा केसाकेसानेच एक पान वाढलं होतं. तिला भिंग लागलं ते काकांनी दारातून टिपलं होतं. मग उलगडा झाला. शेवटचा संच काकांनी मास्तरांच्या जुन्या पेनड्राइव्हवरून घेतला होता. फोल्डर सर्वांत नवा, आतली अक्षरं सर्वांत जुनी. इतके दिवस संगणक तेरांतली सगळ्यात सुधारलेली प्रत उचलत होता, आणि नेमकी तीच तिने पुसली होती.

"काका, माझं चुकलं," ती म्हणाली.

काकांनी भिंतीलगतची खिळ्यांची लाकडी केस ओढली आणि 'क्ष'च्या खणातून एक पेनड्राइव्ह काढला.

"राखीव संच. 'क्ष'च्या खणात सहसा कुणाचा हात जात नाही."

पुस्तक निमूटपणे शहाण्णव पानांत परतलं. मास्तरांनी चार वाजता येऊन शेवटच्या प्रमेयावरून बोट फिरवलं, मग सही केली.

दुसऱ्या दिवशी मामींनी संगणक लावला, तर यादीत त्या फॉन्टचं नाव दोनदा. त्यांनी काकांना फैलावर घेतलं. काकांनी शांतपणे दुसरा फोल्डर उघडून दाखवला. त्याचं नाव होतं 'राखीव, हात लावू नये', आणि तो काल संध्याकाळी भाचीने केला होता.