दिवंगत पत्नीचा आवाज

"बाबा, एवढं एकच काम करा. वर जाऊन आवाज नीट येतोय का तेवढं बघून या," असं म्हणून लेक परीक्षकांच्या स्वागताला पळाली. चष्म्याच्या दुकानात उभा जन्म घालवलेल्या तिच्या बापाला सगळे चष्मेवालेच म्हणत. चष्मेवाले सभागृहाच्या जिन्याने प्रोजेक्टरच्या खोलीकडे निघाले. एकच काम, आणि तेही ऐकण्याचं! यात चुकणार काय?

विद्यापीठाच्या लघुपट महोत्सवात लेकीचं हे शेवटचं वर्ष. मागच्या दोन्ही वेळा तिचा लघुपट सुरू झाला की प्रेक्षक मोबाईल काढून बसले होते. "यंदा एक क्षण तरी सभागृह शांत झालं पाहिजे, बाबा. नाही झालं तर मी हे सगळं सोडून दुकानात येऊन बसते," असं तिने बजावलं होतं. लेक दुकानात आली असती तर चष्मेवाल्यांना आनंदच झाला असता. पण हरून आलेली लेक त्यांना काउंटरवर नको होती.

म्हणून तर त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा तोंडाला रंग लावला होता. लघुपटाची गोष्ट साधी होती. बायको वारल्यावर एकटा राहिलेला नवरा दिवसभर घरात काय काय करतो, एवढीच. घर त्यांचंच, नवरा तेच, आणि संवाद एकही नाही. शूटिंगच्या वेळी लेकीच्या आईने, म्हणजे चष्मेवाल्यांच्या हयात बायकोने, स्वयंपाकघरात फक्त गप्प बसायचं होतं. पण पलंगावर ओला टॉवेल पडलेला दिसत असताना गप्प बसेल ती आई कसली! ती दर वेळी मधेच ओरडायची आणि लेक कपाळावर हात मारून घ्यायची. शेवटी डाळीतले खडे वेचावेत तसा तिने संगणकावर बसून आईचा एकेक शब्द वेचून काढला होता.

वर प्रोजेक्टरवाल्याने चष्मेवाल्यांच्या कानांना हेडफोन लावले.

"काका, यात आवाजाचे दोन ट्रॅक आहेत. हा थोडा ऐका... आणि आता हा. कुठला बरा?"

चष्मेवाल्यांना एकदम भरून आलं. जन्मभर लोकांच्या डोळ्यांपुढे काचा बदलत "हे बरं की हे?" असं त्यांनी विचारलं होतं. त्यांना मात्र आजवर कुणी विचारलं नव्हतं. डोळे मिटून त्यांनी मन लावून ऐकलं. पहिल्यात घड्याळ टिकटिकत होतं, खुर्ची करकरत होती, नळ ठिबकत होता. दुसऱ्यात नुसती सामसूम.

"पहिला लावा. अगदी लख्ख आहे. दुसरा बंदच पडलाय बिचारा."

लेकीने आठवडेच्या आठवडे खपून तयार केलेली शांतता अशी एका वाक्यात निकालात निघाली. काम फत्ते झाल्याच्या आनंदात ते खाली येऊन बायकोशेजारी बसले.

दिवे मालवले गेले. पडद्यावर चष्मेवाले गंभीर चेहऱ्याने आंघोळ करून आले, टॉवेल पलंगावर टाकून खिडकीबाहेर बघत उभे राहिले. आणि सभागृहभर आवाज घुमला, "अहो, टॉवेल! ओला टॉवेल पलंगावर!"

लोक खो खो हसले.

"अगंबाई, मी!" बायको हरखून म्हणाली.

चष्मेवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्या रांगेत लेक ताडकन उठली होती, पण शेजारच्या परीक्षक बाईंनी "खाली बस, मागच्यांना दिसत नाही," म्हणून तिला हाताला धरून बसवलं. पडद्यावर ते आता चष्मा शोधू लागले. "डोक्यावर आहे बघा!" पुन्हा हशा. आपण काय करून बसलो ते चष्मेवाल्यांना कळून चुकलं, आणि जमीन पोटात घेईल तर बरं असं त्यांना झालं.

मग कॅमेरा भिंतीवरच्या फोटोकडे गेला. पडद्यावरचा माणूस फोटोतल्या बाईची शाल घडी करून तिच्या रिकाम्या उशीवर ठेवत होता. हा आवाज या गेलेल्या बाईचाच, हे लोकांच्या आत्ता ध्यानात आलं. हसू हळूहळू विरत गेलं. मागे कुणीतरी नाक ओढलं.

शेवटचं दृश्य. टेबलावर दोन कप, माणूस एक. या खेपेला आवाज हलकाच आला, "चहा गार होतोय हो. येताय ना?"

तो माणूस जागचा हलला नाही. सभागृहात कुणी खोकलंसुद्धा नाही. लेकीला हवा होता तो क्षण आला होता.

पण ते टेबल चष्मेवाल्यांचं होतं, समोरची रिकामी खुर्चीही त्यांच्याच घरची, आणि हाक तर त्यांच्याच बायकोची. आपण सभागृहात आहोत हेही ते विसरले.

"आलो गं! आलो, आलो!" असं ओरडत ते उठून उभे राहिले.

"बसा," बायकोने त्यांचा हात धरला. "मी इथंच आहे."

दिवे लागले तेव्हा लेकीने ओंजळीत तोंड लपवलं होतं. परीक्षक बाई डोळे पुसत मंचावर गेल्या. "गेलेल्या बायकोची हाक घरात अजून येतेय, आणि उत्तर येतं ते प्रेक्षकांतून! हे तुला सुचलं कसं गं?"

"मला नाही सुचलं," लेक रडवेली होऊन म्हणाली. "आवाज आईचा, चूक बाबांची."

हा विनय समजून लोकांनी आणखी टाळ्या वाजवल्या. पहिलं बक्षीस तर मिळालंच, शिवाय दुसऱ्या एका मोठ्या महोत्सवाचं आमंत्रणही. अट एकच, उत्तर देणारे गृहस्थ सोबत हवेत.

बाहेर आल्यावर चष्मेवाल्यांनी भीतभीत लेकीकडे पाहिलं. तिने त्यांना घट्ट मिठी मारली. "बाबा, तालमीची गरज नाही हं. असंच ओरडा."

बायको मात्र बक्षिसाची ढाल उराशी धरून पुढे चालत होती. जरा वेळाने ती थांबली.

"इतकी वर्षं चहाला हाका मारतेय. पहिल्याच हाकेला 'आलो' म्हणालात ते आज. त्यासाठी मला मरावं लागलं."

चष्मेवाल्यांनी तिचा हात धरला, आणि घर येईपर्यंत सोडला नाही.