नगरपालिकेने लावलेले दिवे

ग्रोविका नगरपालिकेच्या हद्दीत ध्रुवप्रकाश पाहण्याचा अधिकार प्रत्येक नागरिकास आहे, आणि राग्ना हा अधिकार आपल्या परसात, पायांवर घोंगडी घेऊन, हातात कॉफीचा पेला धरून गेली एक्केचाळीस वर्षं बजावत होती. डिसेंबरात सूर्य तोंड दाखवत नाही, त्यामुळे दुपारच्या कॉफीला बसलं की वर हिरवा पडदा हलायला लागायचा. त्यासाठी तिला कोणाची परवानगी लागत नसे, हीच प्रशासनाच्या दृष्टीने मोठी त्रुटी होती.

यंदा मात्र तिला घाई होती. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सप्टेंबरात सांगितलं होतं की वाचता येईल, चालता येईल, पण फिकट उजेड पुढच्या हिवाळ्यात दिसेल याचा भरवसा नाही. राग्ना घरी येऊन पोटभर रडली आणि मग घोंगडी झटकायला घेतली. हा एक हिवाळा डोळे भरून पाहायचं, एवढंच तिला हवं होतं.

घात केला तो तिच्या प्रामाणिकपणाने. नगरपालिकेकडून घरोघरी प्रश्नावली आली: 'आपण ध्रुवप्रकाश कोठून पाहता?' शहाण्या माणसांनी ती शेगडी पेटवायला वापरली. राग्नाने 'माझ्या परसातून' असं सुवाच्य अक्षरात लिहून स्वतः नेऊन दिली. सबंध गावातून आलेलं ते एकमेव उत्तर. पंधरा दिवसांत तिचं परस 'निरीक्षणस्थळ क्रमांक एक' म्हणून नोंदलं गेलं. निरीक्षणस्थळी पुरेसा उजेड असणं नियमाने बंधनकारक असल्यामुळे तिसऱ्या आठवड्यात तिथे सात मीटरचा खांब आला आणि खांबावर दिवा आला. दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. या दिव्याखाली तेवढाही उरला नाही.

राग्ना तडक कचेरीत गेली. सुरक्षा विभागाचा टॉरलेफ हा तिच्या मैत्रिणीचा मुलगा.

"टॉरलेफ, काय दिवे लावलेस रे हे?"

"एकच लावलाय, मावशी. दुसरा पुढच्या वर्षीच्या आराखड्यात आहे."

"पण कशासाठी?"

"ध्रुवप्रकाश पाहणाऱ्यांना पायाखालचं दिसावं म्हणून."

"आणि वरचं?"

"वरचं आमच्या खात्यात येत नाही."

"अरे बाबा, दिव्यामुळे आकाशच दिसत नाही!"

टॉरलेफने हे लिहून घेतलं. "पण अपघात शून्य आहेत, मावशी. आजवर एकही निरीक्षक घसरला नाही."

"कोणी येतच नाही, तर घसरणार कोण? माझं कपाळ?"

"ते वैयक्तिक निरीक्षकांत मोडेल," टॉरलेफ गंभीरपणे म्हणाला.

रीतीप्रमाणे शेजाऱ्यांच्या हरकती मागवण्यात आल्या. ओडवार आणि युरुन हे दोन्ही बाजूंचे शेजारी राग्नाच्या टेबलाशी बसून, तिचे वॅफल खात, दिव्याला यथेच्छ शिव्या देऊन गेले. मग घरी जाऊन ओडवारने लिहिलं की दिवा तत्त्वतः वाईटच आहे, पण आपलं बर्फ उपसायचं फावडं हल्ली लगेच सापडतं. युरुनने लिहिलं की तिचा राग्नाला मनापासून पाठिंबा आहे, फक्त तिच्या कोंबड्या आयुष्यात प्रथमच डिसेंबरात अंडी घालू लागल्या आहेत, त्यांचाही विचार व्हावा. राग्नाला जाब विचारायची सोय नव्हती. वॅफलमध्ये तीच अंडी होती.

समितीने सुवर्णमध्य काढला. अर्ज केल्यास दिवा वीस मिनिटं बंद ठेवता येईल. अर्जात ध्रुवप्रकाशाच्या आगमनाची तारीख आणि वेळ तीन आठवडे आधी नमूद करावी. राग्नाने डोळे मिटून लिहिलं: मंगळवार, दुपारी चार वाजून दहा मिनिटं.

त्या मंगळवारी चार वाजून आठ मिनिटांनी डोंगरापलीकडे राहणाऱ्या भाचीचा फोन आला. "मावशी, बाहेर पळ! आकाश पेटलंय नुसतं!" राग्ना घोंगडी उचलून परसात धावली. कचेरीतल्या कोणाला मात्र नवल वाटलं नाही. मंजुरी मिळाल्यावर तो न येऊन जातो कुठे?

परसात तेवीस माणसं जमली होती, सगळी चकाकत्या पट्ट्यांची जाकिटं घालून. टॉरलेफने आपल्या कपाळाला बांधलेला दिवा विझवून कळ फिरवली. खांब अंधारला. राग्नाने मान वर केली आणि तिला काहीच दिसलं नाही.

"ओडवार, तुझ्या ओसरीवरचा तेवढा बंद कर ना."

"करतो की! माझं काय जातंय? पण आधी युरुनला कोंबड्यांचा करू दे."

"माझा एवढासा बल्ब," युरुन म्हणाली. "त्याने काय होतंय? समोरच्या खिडक्यांतल्या चांदण्या बघा की!"

"त्या नाताळच्या आहेत," समोरचे एका सुरात म्हणाले.

"मग माझाच एकट्याचा डोळ्यात खुपतो होय?" ओडवार म्हणाला.

"तुझा मोठा आहे!"

सगळे अंधाराच्या बाजूचे होते आणि सगळ्यांचं म्हणणं रास्त होतं. चर्चा अत्यंत सभ्यपणे सोळा मिनिटं चालली.

"अरे मेल्यांनो!" राग्ना ओरडली, आणि तिचा आवाज फाटला. "डोळे माझे चाललेत, तुमचे नाहीत!"

ओडवार खाली मान घालून घरात गेला. ओसरी विझली, मग कोंबड्यांचा बल्ब, मग एकेक चांदणी. पंचवीस पावलांवरचं घर दिसेना, आणि मग वर हळूहळू ते उमटलं. हिरवं, कडेने जांभळं, या डोंगरापासून त्या डोंगरापर्यंत सावकाश सरकणारं. राग्नाचे गाल ओले झाले आणि तिने ते पुसले नाहीत.

"जन्म गेला इथे माझा," ओडवार पुटपुटला, "पण असं नव्हतं पाहिलं कधी."

"हे सगळ्या गावाने पाहायला हवं," युरुन म्हणाली. "दर मंगळवारी!"

"हवंच! पण एवढ्या काळोखात लोक येणार कसे?" ओडवारने विचारलं.

प्रश्न बिनतोड होता.

"एखादा लहानसा दिवा लावला तर?" युरुन म्हणाली. "पिवळसर. अगदी एवढासा."

यात हरकत घेण्यासारखं काही नव्हतंच. टॉरलेफने ठराव तिथल्या तिथे मताला टाकला. राग्ना वर पाहत होती, तिला काही ऐकू आलं नाही. हात वर झाले. ते मोजता यावेत म्हणून टॉरलेफने कपाळावरचा दिवा लावला. उजेड आधी सरळ राग्नाच्या डोळ्यांत गेला आणि मग हातांवरून फिरला.

त्याने दोनदा मोजलं. राग्ना सोडून माणसं तेवीस होती, आणि हात भरले चोवीस. वाचकहो, आता खाली घ्या तो. तुम्हालाही वाटलंच होतं ना, लहानसाच तर आहे म्हणून?